नियम बदलतो तेव्हा माल कुठे असतो?

७ डिसेंबर २०२३ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने, कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. बंदी दुसऱ्या दिवसापासून लागू होती. त्या वेळी निर्यातीच्या वाटेवरचा कांदा काही एका जागी थांबलेला नव्हता. थोडा निफाड-चांदवडच्या शेतांत काढणीला आलेला होता, थोडा लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर गोण्यांत भरला जात होता, थोडा कंटेनरमध्ये कसारा घाट उतरत होता, थोडा न्हावा शेवा बंदराच्या पार्किंग प्लाझात रांगेत उभा होता आणि थोडा जहाजावर चढलाही होता. कांदा तोच, व्यापारी तोच, दुबईचं किंवा क्वालालंपूरचं गिऱ्हाईकही तेच. पण कायद्याच्या हिशेबात यातल्या प्रत्येक गोणीची त्या रात्रीची जागा वेगळी होती आणि त्या जागेवर तिचं पुढचं सगळं ठरणार होतं. कुठली गोणी जाईल, कुठली परत फिरेल, हे व्यापाऱ्याला सांगण्याचं काम ज्याच्यावर येतं, तो म्हणजे सीएचए.

सीएचए म्हणजे कस्टम हाउस एजंट. २०१३च्या नियमावलीपासून त्याचं कायद्यातलं नाव ‘कस्टम्स ब्रोकर’ झालं. पण फोर्टातल्या जुन्या इमारतींत, सीबीडी बेलापूरच्या कचेऱ्यांत, उरणच्या रस्त्यावरच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामांत), अगदी नाशिकच्या व्यापाऱ्याच्या फोनमध्येही तो अजून सीएचएच आहे. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम १४६ सांगतं, की दुसऱ्याच्या वतीने सीमाशुल्क खात्यात माल सोडवण्याचं काम परवान्याशिवाय करता येत नाही. परवान्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी लागते. २०१८च्या नियमावलीनुसार पाच लाख रुपयांची हमी ठेवावी लागते. हाताखालच्या माणसांचीही नोंद खात्याकडे असते. त्यांतही परीक्षा देऊन मिळणारं ‘जी कार्ड’ आणि नवख्याचं ‘एच कार्ड’ अशा पायऱ्या आहेत. बाहेरच्या माणसाला हा कागद फिरवणारा मध्यस्थ वाटतो. प्रत्यक्षात नियम बदलण्याच्या दिवशी त्याच्याइतकी बारीक नजर दुसऱ्या कुणाला ठेवावी लागत नाही. ती नजर नेमकी कशावर असते, ते समजून घ्यायचं तर आधी एक कंटेनर शेवटपर्यंत चालवून पाहायला हवा.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २८-२९ टन कांदा बसतो. व्यापारी सीएचएला इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवतो. त्यावरून सीएचएच्या कचेरीत चेकलिस्ट तयार होते: निर्यातदाराचा आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, जीएसटी क्रमांक, बँकेचा एडी कोड, मालाचा आठ आकडी वर्गीकरण कोड, वजन, दर, चलन, कुठल्या बंदरात उतरणार, कुठल्या योजनेखाली जाणार. कांद्याचा कोड ०७०३ या शीर्षकाखाली येतो. लसूण आणि लीक यांचीही तीच जागा आहे. चेकलिस्ट व्यापाऱ्याकडे परत जाते, तो ‘ओके’ म्हणतो आणि मग ‘आइसगेट’ या पोर्टलवर शिपिंग बिल दाखल होतं. इथे बिलाला क्रमांक आणि तारीख मिळते. अनेकांना वाटतं की झालं, माल आता कायद्याच्या आत आला. तसं नसतं. कंटेनर बंदराच्या किंवा सीएफएसच्या आवारात पोहोचावा लागतो, मालाची तिथे कस्टम्सच्या प्रणालीत नोंद व्हावी लागते, जोखीम तपासणारी संगणकप्रणाली ‘तपासा’ किंवा ‘सोडा’ असं सांगते, आणि सगळं जुळलं की अधिकारी लेट एक्स्पोर्ट ऑर्डर देतो. या धंद्यात तिला नुसतं ‘एलईओ’ म्हणतात. एलईओ मिळाली की कंटेनर टर्मिनलच्या आत जातो आणि जहाजाची वाट पाहतो.

आता कायद्याचं म्हणणं ऐकू. सीमाशुल्क कायद्याचं कलम १६ सांगतं, की निर्यात होणाऱ्या मालाला शुल्काचा तोच दर लागू होतो, जो एलईओच्या तारखेला असेल. शिपिंग बिल कधी भरलं, करार कधी झाला, शेतकऱ्याकडून माल कधी घेतला, याला शुल्काच्या दराच्या प्रश्नात काही किंमत नाही. १९ ऑगस्ट २०२३ला केंद्राने कांद्यावर अचानक ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा याचाच चटका बसला. शिपिंग बिल दोन दिवस आधीचं, गाडी बंदराच्या दारात, पण एलईओ हातात नाही, असा माल नव्या दरात सापडला. नाशिकच्या बाजार समित्यांमध्ये त्यानंतर लिलाव बंद पडले. शेतकऱ्याच्या रागामागे भावाचा प्रश्न होता. व्यापाऱ्याच्या कोंडीमागे मात्र हे एक कलम होतं.

आयातीचा हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. कलम १५नुसार घरगुती वापरासाठी सोडवायच्या मालाला बिल ऑफ एन्ट्री दाखल केल्याच्या तारखेचा दर लागतो. पण बिल जहाज येण्याआधीच भरलं असेल, तर ते जहाजाला ‘एन्ट्री इनवर्ड’, म्हणजे माल उतरवायची परवानगी, मिळाली त्या दिवशी भरलं असं धरलं जातं. समजा एखाद्या पुण्याच्या कारखानदाराने २८ जानेवारीला आगाऊ बिल भरलं, शुल्कही भरून टाकलं. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात त्या यंत्रावरचं शुल्क तेव्हापासून वाढलं आणि जहाज ३ फेब्रुवारीला आलं. कारखानदाराला वाटतं, आपण तर आधीच मोकळे झालो. त्याला वाढीव फरक भरावा लागतो. शुल्क कमी झालं तर उलट फायदाही मिळतो. आणि माल शुल्क न भरता बाँडेड गोदामात ठेवला असेल, तर गोदामातून काढण्यासाठीचं बिल ज्या दिवशी भराल, त्या दिवसाचा दर. मुरलेला सीएचए अर्थसंकल्पाच्या आठवडाभर आधी ग्राहकांना फोन करून विचारतो, ते यासाठी: कोणता माल बाँडमधून आधी काढायचा, कोणता थांबवायचा. यात लबाडी नाही. कायद्याने दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडण्याचा हा हक्क आहे.

तारखेचा प्रश्न कधी कधी तासा-मिनिटांवर येतो. याचं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं उदाहरण अटारी सीमेवरचं आहे. १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामाचा हल्ला झाला. १६ फेब्रुवारीला केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना काढली. ती ई-राजपत्रावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, त्याआधी, अटारीला सीमा ओलांडून माल आला होता, बिलं दाखल झाली होती, जुन्या दराने आकारणीही झाली होती. कस्टम्सने तो माल अडवला आणि २०० टक्के मागितले. खात्याचं म्हणणं असं, की कायदा ‘तारीख’ म्हणतो. तारीख म्हणजे अखंड दिवस, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने हे मानलं नाही. पुढे २३ सप्टेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयानेही जी. एस. चठ्ठा राइस मिल्सच्या खटल्यात आयातदारांच्या बाजूने निकाल दिला. बिलंही संगणकावर भरली जातात, राजपत्रही संगणकावर निघतं, दोन्हींवर वेळेची नोंद असते. मग आधी घडलेल्या गोष्टीला नंतर निघालेला दर लावता येत नाही, असं त्या निकालाचं सार आहे.

या निकालाने सीएचएच्या रोजच्या सवयी बदलल्या, निदान बदलायला हव्या होत्या. बिल दाखल झाल्याची पोच, जहाजाच्या एन्ट्री इनवर्डची नोंद, मालाच्या नोंदणीची वेळ, गेटमधून आत आल्याचा कागद, हे सगळं तासा-मिनिटांसकट जपून ठेवणं ही पूर्वी टापटीप मानली जायची. आता तो पुरावा आहे.

कांद्याच्या बंदीकडे परत येऊ, कारण तिथे हे पुरावे अक्षरशः कामी आले. डिसेंबर २०२३च्या त्या अधिसूचनेत काही अपवाद होते. बंदीच्या अधिसूचनेआधी जहाजात भरणं सुरू झालेला माल. शिपिंग बिल दाखल झालेला आणि ज्याचं जहाज धक्क्याला लागलं होतं किंवा भारतीय बंदरात नांगर टाकून उभं होतं आणि ज्याला कस्टम्सचा रोटेशन नंबर मिळाला होता, असा माल. किंवा कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत आधीच नोंदला गेलेला माल. एवढ्यांना ५ जानेवारी २०२४पर्यंत जाता येणार होतं. इथे शुल्काच्या वेळेसारखा एकच निकष, एलईओ, नाही हे लक्षात घ्यायला हवं. शुल्क वित्त मंत्रालयाच्या अधिसूचनेने लागतं आणि सीमाशुल्क कायद्याच्या कलमांवर चालतं. बंदी डीजीएफटीची, परकीय व्यापार कायद्याखालची. तिचे अपवाद तिच्या स्वतःच्या मजकुरात लिहिलेले असतात आणि दर वेळी वेगळे असू शकतात. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५मध्ये एक सर्वसाधारण सवलत आहे: बंदी येण्याआधी उघडलेलं, रद्द न करता येणारं लेटर ऑफ क्रेडिट असेल आणि ते ठरावीक मुदतीत नोंदवलं असेल तर त्या कराराचा माल जाऊ द्यावा. पण बंदीची अधिसूचना ‘ही सवलत लागू नाही’ असं एका ओळीत म्हणू शकते. ती ओळ बहुधा शेवटी असते. घाईत वाचणाऱ्याची ती हमखास सुटते.

म्हणून अधिसूचना आली की सीएचएच्या कचेरीतलं पहिलं काम वाचन. कुणी काढली, कुठल्या कायद्याखाली काढली, कुठल्या आठ आकडी कोडला लागू आहे, कधीपासून लागू आहे, अपवाद कोणते, १.०५चं काय. व्हॉट्सअॅपवर फिरणारी बातमी आणि राजपत्रातला मजकूर यांत अनेकदा फरक असतो. ‘कांद्यावर बंदी’ असं बातमी म्हणते. अधिसूचना एक कोड सांगते, आणि बंगळुरू रोझसारख्या जातीला वेगळी वागणूक मिळालेली असू शकते. दुसरं काम यादीचं. हातात असलेली प्रत्येक कन्साइनमेंट एकेका ओळीत लिहायची: शिपिंग बिल क्रमांक, दाखल झाल्याची वेळ, कंटेनर आत्ता कुठे, मालाची नोंद झाली का, एलईओ मिळाली का, जहाज कुठलं आणि ते कुठे आहे. जी ओळ अपवादात बसते तिचे कागद लगेच गोळा करायचे. जी बसत नाही तिच्या व्यापाऱ्याला फोन करून तसं स्पष्ट सांगायचं, कारण रीफर म्हणजे थंड कंटेनर प्लगला लावून यार्डात ठेवला तर दिवसाचं भाडं चढत राहतं, आणि कांदा थांबत नाही. ‘बघू, सुटेल’ असं म्हणणारा सीएचए त्या दिवशी गोड वाटतो. पण आठ दिवसांनी गाडी परत पिंपळगावला नेताना भाडं, कंटेनर अडकल्याचा दंड (डिटेन्शन) आणि सडलेला माल असं तिहेरी नुकसान व्यापाऱ्याच्या अंगावर पडलेलं असतं.

अशा वेळी मागची तारीख घालण्याचा मोहही होतो. १३ मे २०२२ला गव्हाची निर्यात बंद झाली, तेव्हा बंदीपूर्वीच्या लेटर ऑफ क्रेडिटवर माल जाऊ शकत होता. थोड्याच दिवसांत काहींनी जुन्या तारखेची लेटर ऑफ क्रेडिट सादर केल्याचं लक्षात आलं आणि मे संपण्याआधीच डीजीएफटीने प्रत्यक्ष पडताळणीचे आदेश दिले. बँकांमधला स्विफ्ट संदेश कधी गेला, ती तारीख पाहिली जाऊ लागली. कागदावरची तारीख माणूस बदलू शकतो, संदेशाची वेळ बदलता येत नाही. असा कागद आपल्या हातून पुढे सरकू द्यायचा नाही, ही सीएचएच्या परवान्याची पहिली अट आहे. ती मोडणाऱ्याबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. त्याच्या एका कागदापायी रांगेतल्या सगळ्या खऱ्या व्यापाऱ्यांचा माल पडताळणीत अडकतो.

बंदी ४ मे २०२४ला उठली, पण मोकळी नाही: टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि वर ४० टक्के शुल्क. २९ टनांच्या एका कंटेनरचा हिशेब मांडला तर किमान किंमत १५,९५० डॉलर आणि त्यावर शुल्क ६,३८० डॉलर. म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला टनामागे ७७० डॉलरच्या खाली कांदा देणं परवडणारच नव्हतं. इन्व्हॉइसवर ५४५ डॉलर लिहिलेलं बिल पुढे जात नव्हतं, आणि किमान किमतीपायी जादा दाखवलेली रक्कम बँकेत प्रत्यक्ष यावीच लागायची. त्या काळात दर ठरवताना व्यापाऱ्यांना सीएचएकडून हाच हिशेब मांडून घ्यावा लागत होता. सप्टेंबर २०२४च्या मध्यावर किमान किमतीची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५पासून तेही संपलं. शुल्क लागल्यापासून ते उठेपर्यंत वीस महिने पुरे झाले नव्हते. २२ मार्चला शुल्क उठण्याची घोषणा झाली, तेव्हा सगळ्यांना एलईओ १ तारखेच्या आत नको, नंतर हवी होती. आधी जी ऑर्डर लवकर मिळावी म्हणून धडपड, तीच आता थोपवून धरायची.

अशी रातोरातची उलथापालथ डोळ्यांत भरते. पण या व्यवसायाला खरं बदललं ते सावकाश आलेल्या नियमांनी. २०११ साली स्वयंनिर्धारण आलं, म्हणजे मालाचं वर्गीकरण आणि शुल्क आयातदाराने स्वतः ठरवून भरायचं आणि खात्याने निवडक बिलं तपासायची. त्याआधी चूक अधिकाऱ्याच्या सहीत विरून जायची. आता ती बिल भरणाऱ्याच्या नावावर राहते. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि शिपिंग बिल हाच आयजीएसटी परताव्याचा अर्ज ठरला. बिलातला इन्व्हॉइस क्रमांक आणि निर्यातदाराच्या जीएसटी विवरणातला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला नाही, तर प्रणाली ‘एसबी००५’ अशी त्रुटी दाखवून परतावा अडवायची. व्यापारी पूर्वापार दोन इन्व्हॉइस करायचे, एक जीएसटीचा, एक परदेशी गिऱ्हाइकाचा, आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे. एवढ्या साध्या कारणाने निर्यातदारांचं खेळतं भांडवल महिनोन्महिने अडकून पडलं. २०१८मध्ये खात्याला परताव्यासाठी खास पंधरवडे पाळावे लागले. त्या दिवसांत सीएचएच्या पोरांनी हजारो क्रमांक हाताने ताळून काढले. या कामाची कुठे नोंद नाही.

२०१८मध्येच कागदांची जागा ‘ई-संचित’ने घेतली. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, परवाने, सगळं स्कॅन करून चढवायचं. आणि २०२०मध्ये सगळ्यात मोठा पालट झाला: फेसलेस आकारणी. ८ जूनला बंगळुरू आणि चेन्नईत सुरू झालेली ही पद्धत ३१ ऑक्टोबरपर्यंत देशभर लागू झाली. न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचं बिल आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. पूर्वीचा अनुभवी सीएचए ‘ग्रुप’ला, म्हणजे आकारणी विभागात, जायचा, तिथल्या अप्रेजरच्या टेबलासमोर उभा राहून नमुना दाखवायचा, कॅटलॉग उघडायचा, पाच मिनिटांत गोष्ट समजावून द्यायचा. आता प्रश्न स्क्रीनवर येतो, उत्तरही स्क्रीनवरच द्यायचं. ‘क्वेरी पडली’ की ज्याला दोन परिच्छेदांत, पुराव्यासकट, शुद्ध इंग्रजीत उत्तर लिहिता येतं, त्याचा माल त्याच दिवशी सुटतो. बोलून पटवणाऱ्यांच्या एका पिढीला हा बदल जड गेला. तरीही तो योग्य दिशेचा आहे असं मला वाटतं, कारण ओळखीवर सुटणारा माल आणि ओळख नाही म्हणून अडणारा माल या दोन्ही गोष्टी त्याने कमी केल्या. लहान शहरातून आलेल्या, पण नेटकं लिहिणाऱ्या मुलामुलींना त्यात जागा मिळाली.

२०२१च्या वित्त कायद्याने आणखी एक चाप लावला. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरायचं. श्रीलंका, बांगलादेश अशा जवळच्या देशांना थोडी सवलत. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार रुपये, त्यापुढे रोज दहा हजार. जहाज आल्यावर कागद मागवायची जुनी सवय यामुळे मोडली. आता माल परदेशातून निघाला की सीएचए आयातदाराच्या मागे लागतो.

दरांच्या सवलतींचंही तसंच. सीमाशुल्काच्या सवलती मुख्यतः ५०/२०१७ या एका लांबलचक अधिसूचनेत होत्या. बिल भरताना अधिसूचनेचा क्रमांक आणि तिच्यातला अनुक्रमांक टाकावा लागतो, आणि जुन्या माणसांना आपल्या ग्राहकांचे अनुक्रमांक तोंडपाठ होते. १ नोव्हेंबर २०२५पासून तिच्यासह एकतीस अधिसूचना एकत्र करून ४५/२०२५ ही नवी अधिसूचना लागू झाली. दर बहुतेक तेच राहिले, क्रमांक बदलले. प्रत्येक कचेरीत ग्राहकागणिक जुना क्रमांक कोणता, नवा कोणता, याचे तक्ते करावे लागले. चुकीचा अनुक्रमांक पडला तर सवलत जाते, किंवा नको ती सवलत घेतल्याचा ठपका येतो. कधी असंही होतं, की राजपत्रात नियम आला पण प्रणालीत तो अजून चढलेला नाही. मग दोन रस्ते उरतात. एक, कलम १८खाली तात्पुरती आकारणी मागायची. दुसरा, शुल्क भरायचं पण ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असं लेखी द्यायचं. हे लेखी देणं महत्त्वाचं, कारण एरवी परताव्याची मागणी एका वर्षात करावी लागते. हरकत नोंदवून भरलेल्या शुल्काला ती मुदत लागत नाही. मालाची घाई असताना हा एक कागद द्यायचा राहून जातो आणि पुढे मुदतीच्या मुद्द्यावरच दावा पडतो.

याशिवाय मालाचं मूळ कुठलं, हा प्रश्न. आसियान देशांशी करार असल्याने तिथल्या मालावर सवलतीचा दर मिळतो. भलत्याच देशात बनलेला माल तिथून फिरवून आणला जाऊ नये म्हणून २१ सप्टेंबर २०२०पासून नवे नियम आले. आता परदेशी संस्थेचं मूळ-प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल तिथे कसा बनला, कच्चा माल कुठला, मूल्यवर्धन किती, ही माहिती आयातदाराकडे असावी लागते आणि पाच वर्षं जपावी लागते. खेळण्यांच्या आयातदारांवर तर दुहेरी भार आला. फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, पुढे २०२३मध्ये ७०वर. आणि १ जानेवारी २०२१पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. ते चिन्ह लावण्याचा परवाना परदेशातल्या कारखान्यानेच घ्यावा लागतो. माल बंदरात आल्यावर हे कळलं तर काहीही उपाय नसतो. सीएचएला इथे जे करायचं असतं, ते माल निघण्याआधीच.

आणि या सगळ्याबरोबर जबाबदारी वाढली. २०१८च्या नियमावलीतला नियम १० सांगतो, की सीएचएने ग्राहकाला कायदा पाळायचा सल्ला द्यावा, तो ऐकत नसेल तर खात्याला कळवावं, आणि आयईसी, जीएसटी क्रमांक, ग्राहकाची ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर त्याचं कामकाज हे विश्वासार्ह, स्वतंत्र कागदांवरून पडताळावं. बनावट निर्यातदारांनी परतावे उचलले आणि पुढे ते पत्त्यावर सापडले नाहीत, तेव्हा कितीतरी सीएचएंचे परवाने निलंबित झाले. काही दोषी होते. काहींनी मात्र सरकारनेच दिलेली प्रमाणपत्रं पाहून काम घेतलं होतं. मालाच्या व्यवहाराचा खरेखोटेपणा तपासणारा निरीक्षक म्हणून सीएचएकडे पाहता येणार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटलं आहे. मला ही भूमिका रास्त वाटते. ज्याला सरकारने जीएसटी क्रमांक दिला, त्याच्या पाचव्या मजल्यावरच्या कचेरीत रोज कोण बसतं, हे बेलापूरच्या चार माणसांच्या कचेरीने शोधायचं, आणि चूक झाली तर पोट जाईल, ही वाटणी बरोबर नाही. नियम कडक असावेत, पण पडताळणीची मर्यादा त्यांत स्पष्ट लिहिलेली असावी.

ज्यांचा माल बंदरातून जातो, त्या नाशिकच्या कांदा-द्राक्षवाल्यांना, सांगलीच्या बेदाणा-हळदवाल्यांना, सोलापूरच्या डाळिंबवाल्यांना सांगायचं आहे ते एवढंच. सीएचएला तुम्ही बोलावता ते कंटेनर भरल्यावर, आणि तोवर त्याच्या हातात करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. सौदा ठरवतानाच त्याला फोन करा. आपला आठ आकडी कोड त्याच्याकडून लेखी घ्या. कंटेनर आत गेल्याची, माल नोंदल्याची, एलईओची वेळ दाखवणारे कागद स्वतःजवळही ठेवा. आणि परदेशी गिऱ्हाइकाशी करार करताना त्यात एक कलम घालून घ्या: एलईओ मिळण्याआधी निर्यातशुल्क लागलं, वाढलं किंवा बंदी आली, तर तो भार कोणी उचलायचा.